लागण आणि विटाळ

तिचा फोन आला तेव्हा मी जयंतीच्या वर्गणीच्या पावत्या फाडत होतो. तिनं प्रस्तावना केली नाही. म्हणाली, "मला फोड आले होते. डॉक्टरनं फोडातलं पाणी तपासायला पाठवलं. हर्पीस निघाला, टाइप दोन. तू पण तपासून घे." मग जरा थांबून, "तुला सांगायलाच पाहिजे होतं, म्हणून सांगितलं."

मी काय विचारलं असेल? दुखतंय का? ताप आहे का? दवाखान्यात सोबत कोण आहे? नाही. चळवळीत दहा वर्षं घालवलेला, शिबिरांतून स्त्रीमुक्तीवर तास तास बोललेला मी, विचारलं काय, तर "कुणाकडून आला?"

ती म्हणाली, "तुझ्याकडूनही आला असेल." आणि फोन ठेवला.

दोस्तहो, हा लेख माझ्या त्या प्रश्नातून निघालाय. आमचं नातं जानेवारीतच संपलं होतं, भांडण न करता. तिला विचारून लिहितोय. नाव-गाव टाळ एवढंच ती म्हणाली.

"कुणाकडून आला?" हा प्रश्न मी आयुष्यात दुसऱ्या रूपात फार वेळा ऐकलाय. खोली भाड्यानं बघायला गेलो की मालक विचारायचा, "आडनाव काय? मूळ गाव कुठलं?" म्हणजे कुणाकडून आलास. समोर उभा असलेला माणूस राहतो बाजूला, त्याच्या मागचा माग काढायचा आणि मग ठरवायचं, आत घ्यायचा की उंबऱ्यावरून परत लावायचा. मी त्या क्षणी तिचा घरमालक झालो होतो. आणि हा प्रश्न निव्वळ वैद्यकशास्त्राच्या हिशेबानंही फुकटच असतो. हे विषाणू एकदा शिरले की मज्जातंतूंच्या मुळाशी जाऊन दडून बसतात. काहींना दोन ते बारा दिवसांत फोड येतात, काहींना वर्षानुवर्षं येत नाहीत, कित्येकांना कधीच येत नाहीत. ज्यांच्या अंगात तो आहे त्यांतल्या बहुतेकांना ते ठाऊकच नसतं. मग तिचा फोड माझ्याकडून आला, की माझ्याआधीच्या कुणाकडून, की माझ्याच अंगात आठ वर्षांपासून तो झोपलेला होता, हे ठरवणारा तराजू कुठल्याही लॅबमध्ये नाही.

पण त्या दिवशी मला हे काहीच माहीत नव्हतं. मला माहीत होत्या त्या रेल्वेलाइनच्या भिंतींवरच्या जाहिराती. गुप्तरोग, खात्रीशीर इलाज, गुपचूप भेटा. गरमी, परमा, सगळं एकाच रंगात रंगवलेलं. आणि हर्पीस म्हणजे नागीण, असं एका मित्रानं ठोकून दिलं. नागीण वेगळी. तिचा विषाणू याच घराण्यातला पण निराळा, कांजिण्यांचा. तो असा संगतीतून खाली येत नाही. मित्र मात्र दोन दिवस मला मांत्रिकाचा पत्ता देत होता... बुद्धविहारात बसून!

मी पहिल्यांदा घाई केली. खाजगी लॅबमध्ये गेलो, नाव खोटं सांगितलं, 'सगळं एकदम' अशा पॅकेजचे पैसे भरले. कागद हातात आला. एचआयव्ही नाही, व्हीडीआरएल नाही, आणि हर्पीसच्या पुढे 'आयजीएम पॉझिटिव्ह'. लॅबवाल्या पोरानं कागद देताना माझ्या बोटांना बोट लागू दिलं नाही. मला तसं वाटलं असंही असेल. आपल्याला हे वाटणं फार लवकर जमतं, पिढ्यांची सवय आहे.

त्या रात्री घरी आलो आणि माझा पेला वेगळा काढला. ताट वेगळं. टॉवेल खिडकीला. आईनं दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी भांडी घासताना तो वेगळा ठेवलेला पेला तिनं उचलला आणि विचारलं, "हा असा का ठेवतोस रे?" मी म्हणालो, "घसा खराब आहे." ती बोलली नाही. पण तिची नजर पेल्यावरून हलेना. गावच्या हॉटेलातली कपबशी आमच्यासाठी बाहेर वळचणीला खोचलेली असायची. आपणच घ्यायची, आपणच विसळायची, परत खोचायची, आणि चहा वरून ओतला जायचा. माझ्या बापानं ती कपबशी एकदा दगडावर आपटली होती आणि त्यापायी मारही खाल्ला होता. त्याच घरात मी स्वतःच्या हातानं स्वतःसाठी वळचण तयार केली होती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी हाकललं नव्हतं.

पुढं कळलं की हा विषाणू पेल्यानं, टॉवेलानं, संडासाच्या भांड्यानं, विहिरीच्या पाण्यानं जात नाही. तो त्वचेला त्वचा लागून जातो, विशिष्ट जागी, विशिष्ट वेळी. म्हणजे माझी वळचण शास्त्रीयही नव्हती. ती निव्वळ मनुस्मृती होती, माझ्या आत शिल्लक राहिलेली.

इथं जरा थांबायला पाहिजे. कारण आमच्यातले काही जण लगेच दुसऱ्या टोकाला जातात. ते म्हणतात, झालं तर मग, हा सगळा शुद्ध-अशुद्धाचा ब्राह्मणी खेळ आहे, त्याला भीक घालायची नाही, तपासणी कशाला अन् सांगायचं कशाला? मला हे बोलणं सुरुवातीला गोड वाटलं. गोड वाटण्याचं कारण उघड आहे, त्यात माझी सुटका होती.

पण विटाळ आणि लागण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विटाळ जन्मानं येतो, माणसाच्या अख्ख्या देहाला, सावलीला, शब्दाला चिकटतो आणि मेल्यावरही मसणवट्यात वेगळी जागा मागतो. तो एकाच दिशेनं वाहतो. पाटलाचा हात आमच्या घागरीला लागला तर आम्ही कधी बाटलो नाही. आणि तोच पाटील रात्री आमच्या वस्तीतल्या बाईकडे यायचा तेव्हा विटाळ कुठं जायचा? रजेवर जायचा. लागणीचं तसं नाही. ती जात बघत नाही, दिवस-रात्र बघत नाही, दोन्ही दिशांनी जाते, आणि तिचे रस्ते मोजता येतात. विटाळ खोटा आहे म्हणून तो नाकारायचा. लागण खरी आहे म्हणून ती समजून घ्यायची. दोन्हींना एकाच काठीनं हाणणारा माणूस विटाळही नीट नाकारत नाही आणि लागणीपासून कुणाला वाचवतही नाही.

आकडे सांगतो, म्हणजे 'असले रोग असल्या लोकांना होतात' हे बोलणं बंद होईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५२ कोटी लोकांच्या अंगात टाइप दोनचा विषाणू आहे, म्हणजे शंभरातल्या तेरा जणांच्या. आणि टाइप एक, ज्यानं तापानंतर ओठाच्या कोपऱ्यावर फोड येतात, तो पन्नाशीच्या आतल्या ३८० कोटींच्या अंगात. तोही तोंडावाटे खाली जाऊ शकतो. ओठावरचा फोड घेऊन माणूस लग्नाच्या पंगतीत वाढपी होतो, कुणी काही म्हणत नाही. तोच फोड कमरेखाली आला की खानदान बुडालं! फरक विषाणूत नाही, आपण देहाचे जे वर्ण पाडलेत त्यांत आहे. डोकं वर, पाय खाली. ही उतरंड कुठून आली ते तुम्हाला मी सांगायला नको.

नंतर मी सरकारी दवाखान्यात गेलो. कुठल्या ते लिहीत नाही. केसपेपर काढताना खिडकीतला माणूस ओरडला, "गुप्तरोगवाले तिकडं, मागच्या जिन्यानं!" रांगेतली वीस डोकी वळली. मला वाटलं परत फिरावं. मग दिसलं की मागच्या जिन्यावर माझ्या पुढं एक बाई उभी आहे, पदर डोक्यावरून ओढलेला, कडेवर पोर. ती परत फिरली नव्हती.

आत डॉक्टरीणबाई होत्या. खाजगी लॅबचा कागद त्यांनी बघितला आणि बाजूला सारला. म्हणाल्या, "ही आयजीएम या रोगासाठी भरवशाची नाही. ताजी लागण सांगते म्हणतात, पण जुन्या दुखण्यातही वर येते, दुसऱ्याच विषाणूलाही चुकून ओ देते. पैसे वाया गेले तुमचे." फोड आहे का, विचारलं. नव्हता. "फोड असता तर त्यावरचा स्वॅब घेऊन पीसीआर केलं असतं, ते सगळ्यात खात्रीचं. फोड नाही, तर रक्तातली आयजीजी बघायची. पण तीसुद्धा आज नाही. अंगात प्रतिपिंडं तयार व्हायला वेळ लागतो, बारा आठवडे तरी जाऊ द्या. त्याआधी निगेटिव्ह आली तर तिच्यावर विसंबू नका. तोवर कुणाबरोबर संबंध नको." अशा दवाखान्यांतून 'सुरक्षा क्लिनिक' नावाची खोली असते, तिथं रंगांच्या खोक्यांतून औषधं देतात. फोडवाल्या हर्पीसचं खोकं लाल, त्यात असायक्लोव्हिरच्या गोळ्या. बाईंनी ते दाखवलं आणि म्हणाल्या, फोड आला की लगेच या, लाजू नका. गोळीनं दुखणं लवकर बसतं, विषाणू मात्र अंगातून जात नाही.

एवढं साधं, सरळ बोलणं माझ्याशी या विषयावर पहिल्यांदा कुणी केलं. डॉक्टरीणबाईंचं आडनाव काय होतं ते मी पाटीवर वाचलं होतं. लिहीत नाही. मी ते वाचलं, हेच सांगतो.

जयंती झाली. मिरवणुकीत मी नाचलो. बारा आठवडे एप्रिलच्या शेवटी भरले आणि मी आयजीजी करून घेतली, यावेळी खऱ्या नावानं. निकाल आला, १.४. १.१ च्या वर म्हणजे पॉझिटिव्ह असं कागदच म्हणतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, १.१ ते ३ या पट्ट्यातला पॉझिटिव्ह कितीदा तरी खोटा निघतो, तो दुसऱ्या पद्धतीनं पक्का करायला पाहिजे. पण तुमचा संपर्क झालेला आहे, म्हणून खोटाच असंही म्हणता येत नाही. काही महिन्यांनी परत बघू.

म्हणजे एवढं सगळं करून हातात काय? ना हो, ना नाही. अमेरिकेतली सरकारी तज्ज्ञ मंडळी ज्यांना काही लक्षण नाही त्यांची सरसकट रक्ततपासणी करू नका म्हणतात, २०१६ साली म्हणाली आणि २०२३ साली पुन्हा म्हणाली. त्याचं कारण हेच. खोटे पॉझिटिव्ह पुष्कळ, आणि त्या कागदानं माणसाचं जे होतं ते खोटं नसतं.

मग मी तपासलं ते चुकलं का? मला तसं वाटत नाही. सरसकट सगळ्यांनी रांग लावणं वेगळं, आणि एका माणसानं विश्वासानं फोन करून 'बघून घे' म्हणणं वेगळं. त्या फोननंतर 'मला काय माहीत' हे वाक्य माझं राहिलं नव्हतं. आपण पंचशील म्हणतो, रोज संध्याकाळी. तिसरं शील व्यभिचाराबद्दल, चौथं खोटं न बोलण्याबद्दल. बऱ्याच जणांना हा विषय तिसऱ्या शिलाचा वाटतो. मला तो चौथ्याचा वाटतो. दोन सज्ञान माणसं राजीखुशीनं एकत्र आली यात मी कुणाला फसवलेलं नाही. पण मी तोंड मिटून राहिलो तर फसवीन. धम्मात कर्म हेतूवरून तोलतात असं आपण शिकतो. काहीजण त्याचा अर्थ असा काढतात की जे माहीत नाही त्याचं ओझं नाही. बरोबर आहे. पण माहीत होऊ नये म्हणून दार लावून बसणं, हा हेतू नाही काय? डोळे मिटणं हीसुद्धा डोळ्यांनी केलेली एक कृती आहे.

आमच्या अभ्यासवर्गात मी हे बोललो. नाव न घेता, 'एक कार्यकर्ता' म्हणून. सगळ्यांना कळलंच. एक जुना सहकारी उठला आणि कळवळून म्हणाला, "अरे बाबा, हे बोलू नको. ते टपूनच बसलेत. म्हणतील, बघा, यांची पोरं, यांच्या पोरी, यांची नीती! बाबासाहेबांनी आपल्याला स्वच्छ कपडे घालायला शिकवलं." त्याचं हे भय खोटं नाही. एका सवर्ण पुढाऱ्याचं लफडं त्याचं एकट्याचं असतं, आणि आमच्या एका पोराचं पाऊल घसरलं की अख्ख्या वस्तीचं घसरतं. मीही त्या भयात वाढलोय.

पण बाबासाहेबांचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट सांगतो. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली, म्हणजे महाडच्या त्याच साली, 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. वाचक त्यात आपल्या देहाचे प्रश्न विचारायचे आणि कर्वे उत्तरं द्यायचे. सनातनी खवळले. १९३४ साली ती उत्तरं अश्लील ठरवून कर्व्यांवर खटला भरला गेला. त्यांचं वकीलपत्र घेऊन कोर्टात उभे राहिले डॉ. आंबेडकर. पुणे करार होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, अंगावर कामाचे डोंगर होते, आणि बदनामी करायला टपलेले तेव्हाही कमी नव्हते. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण ते मागं सरले नाहीत. १९३८ साली मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला, तो पी. जे. रोहमांनी मांडला, आणि त्यामागेही बाबासाहेबच होते. 'लोक काय म्हणतील' हे त्यांना कळत नव्हतं काय? मी त्या सहकाऱ्याला एवढंच म्हणालो, स्वच्छ कपड्यांचा अर्थ आतलं दुखणं झाकणं असा लावू नका.

तो पटला नाही. अजून बोलत नाही माझ्याशी.

वर्गातल्या एका मुलीनं मात्र अडवलं मला. म्हणाली, "तपासणी, तपासणी म्हणताय, पण तपासलं कुणाला जातं ते बघा." बरोबर बोलली ती. इंग्रजांनी १८६८ साली हिंदुस्थानात सांसर्गिक रोगांचा कायदा केला. गोऱ्या शिपायांना रोग होऊ नये म्हणून बायकांची नावं नोंदवायची, त्यांना जबरीनं तपासायचं, रोग निघाला तर खास इस्पितळात कोंडायचं. तपासणी बाईची, शिपायाची नाही. वीस वर्षांनी, १८८८ साली तो कायदा गेला. मन गेलं नाही. आजही लग्नाच्या बोलणीत कुणी तपासणीचं काढलं तर नजर आधी पोरीकडं वळते.

आता सांगायचं कुणाला, हा प्रश्न उरतो. मला जे वाटतं ते असं, की ज्याच्या अंगाला माझ्यापासून धोका आहे त्याला सांगायचं, आणि बाकी कुणाला सांगणं लागत नाही. संघटनेला नाही, भावकीला नाही, लॅबच्या पोराला तर नाहीच. आणि सांगायचं ते माफी मागायला नाही, त्या माणसाला निवड करता यावी म्हणून. निरोध वापरला तर धोका कमी होतो, पण संपत नाही, कारण विषाणू निरोधाखाली न झाकलेल्या कातडीतूनही जातो, फोड नसतानाही जातो. रोज गोळी घेतली तर जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतं, २००४ सालच्या एका मोठ्या अभ्यासात ते दिसलं. टाइप दोन अंगात असेल तर एचआयव्ही लागण्याचा धोका वाढतो. आणि बाई गरोदर असताना, त्यातही शेवटच्या महिन्यांत, तिला नवी लागण झाली तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं. असं क्वचित होतं, पण होतं. हे सगळं माहीत असून मी गप्प बसलो, तर तिच्या वतीनं मी ठरवून मोकळा होतो. आमच्या वतीनं दुसऱ्यांनी ठरवण्याचा इतिहास आपण शिबिरात शिकवतो, तो मग कशाला शिकवायचा?

लिहायला सोपं आहे. मे महिन्यात आईनं स्थळ आणलं. मुलगी शिकलेली, नोकरीच्या शोधात, सभांना येणारी. पोहे झाले, आणि थोरल्यांनी आम्हा दोघांना गच्चीवर पाठवलं, 'बोला काय ते'. मी खिशातून कागद काढला. जे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेच सांगितलं, वाढवून नाही, कमी करून नाही. असेल, नसेल, पक्कं माहीत नाही, धोका एवढा, उपाय एवढे. माझा आवाज कापत होता. खाली कुणीतरी कुकर लावला होता, त्याच्या शिट्ट्या येत होत्या.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे तुम्ही मला नकार द्यावा म्हणून सांगताय का?"

मी विचार केला. थोडं तसंही होतं. नकार आला असता तर मी सुटलो असतो आणि वर प्रामाणिकही ठरलो असतो. ते मी तिला सांगितलं.

"आणि माझी तपासणी?" ती म्हणाली. "ते तुमच्या डोक्यात आलंच नाही. मला कुणी असेल, असं तुम्ही धरलंच नाही."

मी काही बोललो नाही. खरंच धरलं नव्हतं. एवढं विटाळाबद्दल बोलून, लिहून, वर्ग घेऊन, मनात मी तिला कोरी मडकी म्हणून मांडून ठेवलं होतं. न बाटलेली. मी माझा डाग सांगायला आलो होतो आणि तिच्या अंगावर सोवळं घालून बसलो होतो.

तिनं कागद मागितला. वाचला, घडी केली, पर्समध्ये ठेवला. "दोन-चार दिवस ठेवते. एका मैत्रिणीला दाखवायचाय, नर्स आहे ती." मग जिना उतरताना मागं वळून म्हणाली, "लिहिणारच असाल तर लिहा. गाव लिहू नका."

आज तेरावा दिवस आहे. आई रोज विचारते, काय म्हणाली मुलगी? मी म्हणतो, विचार करतेय. माझा पेला आता सगळ्यांच्या पेल्यांत असतो. आईनंच एकदा न बोलता उचलून फळीवर ठेवला.